लक्षण म्हणून नको, म्हणणं म्हणून वाचा

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण, महाराष्ट्र,
तसेच राज्यातील सर्व मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळे.

विषय : मानसिक आजार असलेल्या माणसांच्या बोलण्या-लिहिण्यावर घातल्या जाणाऱ्या बंदीबाबत.

सादर नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वी मी एका खासगी मानसोपचार रुग्णालयातून घरी आले. १९ दिवस तिथे होते. निघायच्या दिवशी दादा बिल भरायला काउंटरवर उभा होता आणि मी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. बिलाबरोबर त्याच्यापुढे एक छापील कागद सरकवला गेला. वर मथळा ‘हमीपत्र’, खाली सहा कलमं. पाचवं कलम असं होतं की रुग्णालयातलं वास्तव्य, उपचार, कर्मचारी यांविषयी रुग्ण वृत्तपत्रात, समाजमाध्यमावर किंवा इतरत्र काहीही लिहिणार-बोलणार नाही, आणि हे बंधन सर्वांच्या गोपनीयतेसाठी आहे. दादाने सही केली. मी उठून काउंटरपाशी गेले आणि म्हटलं, कागद माझ्याबद्दलचा आहे, मला वाचू द्या. आतल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “पेशंटची सही लागत नाही, ताई. तुम्ही बसा.”

मी तिथेच उभी राहून तो कागद वाचला आणि नुकत्याच परत मिळालेल्या मोबाइलवर त्याचा फोटो काढला. हे पत्र लिहिताना ते पाचवं कलम मी मोडते आहे आणि आपल्याला सांगून मोडते आहे.

मी मिरजेची. माध्यमिक शाळेत २२ वर्षं मराठी शिकवलं. २००९ साली माझ्या केस पेपरवर पहिल्यांदा ‘बायपोलर’ लिहिलं गेलं, म्हणजे मन कधी टोकाचं चढण्याचा आणि कधी टोकाचं खचण्याचा आजार. तेव्हापासून लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. ठरलेल्या वेळी रक्त तपासून घेते. हाताला थोडा कंप आला आहे, त्यामुळे फळ्यावरचं माझं अक्षर बिघडलं. तरी गोळ्यांविरुद्ध माझी तक्रार नाही, गोळ्यांनी मला जगवलं आहे. डॉक्टरांशीही भांडण नाही. हे सुरुवातीलाच लिहावं लागतं, कारण आमच्यापैकी कुणी तक्रार केली की ‘उपचार नको म्हणते आहे’ असा तिचा अर्थ लावतात. आमच्या स्वमदत गटात आम्ही स्वतःला शुभार्थी म्हणतो आणि काळजी घेणाऱ्यांना शुभंकर. हे शब्द आम्हाला आवडतात, कारण ते मराठीत, आमच्या माणसांमध्ये घडले. रुग्णालयाच्या दाराशी मात्र ते गळून पडतात आणि आम्ही ‘बेड नंबर अमुक’ होतो.

आजार बोलण्यात शिरतो हे मी नाकारत नाही. २०१६ साली माझा आजार चढला तेव्हा मी रात्र रात्र लिहीत होते. एका रात्रीत मुख्याध्यापकांना ४१ मेसेज पाठवले. सहकाऱ्यांविषयी नको ते लिहिलं. बरी झाल्यावर ज्यांना दुखावलं होतं त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि बहुतेकांनी ती मोठ्या मनाने दिली. पण त्या ४१ मेसेजांमधले तीन मेसेज शालेय पोषण आहाराच्या तांदळाविषयी होते. पोती कमी उतरत होती आणि नोंदवहीत पुरी लागत होती. ती पोती मी आजार चढायच्या महिनाभर आधी मोजली होती. माझे ते तीन मेसेज बाकीच्या ३८ मेसेजांबरोबर वाहून गेले. वर्षभराने मी तोच मुद्दा तारखांसह, शांतपणे, लेखी मांडला तेव्हा सभेत एक जण म्हणाले, “मॅडम, मागच्या वेळीही तुम्हाला असंच वाटत होतं.” सगळे समजुतीने हसले आणि पुढचा विषय निघाला. पोती त्या दिवशीही कुणी मोजली नाहीत.

त्या सभेतून बाहेर पडताना जे कळलं तेच आज आपल्यापुढे मांडते आहे. तांदूळ कमी आहे की नाही हे पोती मोजून कळतं, माझा केस पेपर वाचून कळत नाही. मी आजारी असेन आणि तांदूळही कमी असेल. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, एवढं मान्य झालं तरी आमचं निम्मं आयुष्य सुसह्य होईल.

आता वॉर्डाविषयी. फोन दाराशीच जमा झाला. पेन काढून घेतलं, ते मला पटतं. टोकदार वस्तू वॉर्डात नको, कारण शेजारच्या खाटेवर कोण कुठल्या रात्रीतून जात आहे ते सांगता येत नाही. म्हणून मी मेणाचे खडू मागितले. हस्तकलेच्या तासाला ते मिळायचे आणि तास संपला की मोजून परत घेतले जायचे. पुष्कळ विनवण्या केल्यावर एका सिस्टरनी निळ्या खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा राहू दिला. घरून आणलेल्या शंभर पानी वहीत मी त्याने लिहू लागले. खडूने अक्षर मोठं येतं, पानावर आठ-दहा ओळीच मावतात. नवव्या दिवशी वही उशाखालून नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला ती डॉक्टरांच्या हातात होती. त्यांनी पान उलटलं आणि मला विचारलं, “हे असं कधीपासून वाटतंय?”

त्या पानावर लिहिलेलं असं होतं : मागच्या संडासाला आतून कडी नाही. रात्री वॉर्डातले दिवे बंद करत नाहीत. रात्रीचं जेवण सात वाजता आणि सकाळचा चहा साडेसातला, मधल्या वेळेत भूक लागते.

मी म्हटलं, डॉक्टर, मला वाटत नाहीये, कडी खरंच नाही, चला दाखवते. ते पुढच्या खाटेकडे गेले. दुपारी नर्सच्या टेबलावर उघड्या पडलेल्या फाइलीत मी माझ्या डोळ्यांनी वाचलं : ‘लिखाण वाढलेलं, संशयी.’ वही परत मिळाली नाही. घरी निघताना मागितली तर ‘ती रेकॉर्डला लागली’ असं उत्तर आलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर साठीपुढची एक बाई होती, सीमेपलीकडच्या खेड्यातली. तिला मराठी येत नव्हतं आणि वॉर्डात कुणाला कानडी येत नव्हतं. ती दिवसभर तेच तेच बोलायची आणि रात्री ओरडायची. तिच्याविषयी सिस्टर एकमेकींना सांगायच्या ते शब्द ‘असंबद्ध बडबड’. मिरजेच्या बाजारात वावरल्यामुळे मला कामापुरतं कानडी कळतं. ती ‘हल्लु, हल्लु’ म्हणत होती. हल्लु म्हणजे दात. गालाला हात लावून ती दात दुखतोय म्हणून सांगत होती, आणि मी तिथे जायच्या आधीपासून सांगत होती. मी सिस्टरना सांगितलं, तर “तुम्ही दुसऱ्या पेशंटमध्ये लक्ष घालू नका, तुम्हालाच त्रास होईल” असं उत्तर मिळालं. तीन दिवसांनी गाल सुजून डोळा झाकला गेला तेव्हा दंतवैद्याला बोलावलं. दात काढल्यावर त्या रात्री ती सलग झोपली. मी मात्र बराच वेळ जागी होते. तिची सगळी भाषा आजाराच्या खात्यात जमा झाली होती, आणि तिच्या बाजूने बोलणारी मीही त्याच खात्यात होते.

हे सगळं कायद्याने केव्हाच मोडीत काढलं आहे, म्हणून मी आपल्याकडे येते आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २६ सांगतं की दाखल असलेल्या माणसाला भेटीला आलेल्यांना भेटण्याचा किंवा नाकारण्याचा, वाजवी वेळी फोन घेण्याचा आणि करण्याचा हक्क आहे. ई-मेलही पाठवता-घेता येतो. अमुक माणसाचा संपर्क नको असं स्वतः रुग्णाने सांगितलं तर तो थांबवायची सोय त्यात आहे. रुग्णाचा आवाज बाहेर जाऊ नये असं नातेवाइकाला किंवा व्यवस्थापनाला वाटलं, तर त्यासाठी तशी सोय नाही. न्यायाधीश, आपल्या मंडळाचे सदस्य, आमदार-खासदार, वकील, रुग्णाचा नेमलेला (नामनिर्देशित) प्रतिनिधी यांच्याशी होणारा संपर्क तर त्या निर्बंधातूनही वगळला आहे. पण फोनच्या हक्काला ‘संस्थेच्या नियमांच्या अधीन’ अशी एक पुरवणी जोडलेली आहे, आणि सगळी गळती तिथे होते. आमच्या वॉर्डाचा नियम होता : आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, सिस्टरसमोर, फक्त घरच्यांना. स्वतःच्या बहिणीलासुद्धा मी वॉर्डाविषयी काही सांगू शकले नाही, कारण जिच्याबद्दल सांगायचं तीच हाताच्या अंतरावर उभी होती.

जुन्या, १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही कलम ८१ मध्ये असं स्पष्ट होतं की उपचार घेणाऱ्या माणसाने पाठवलेली किंवा त्याला आलेली पत्रं अडवू नयेत, दाबून ठेवू नयेत, नष्ट करू नयेत. मात्र बदनामीकारक, त्रासदायक किंवा उपचाराला बाधक पत्रांसाठी नियम करायची वाट त्याच कलमाने मोकळी ठेवली होती. ‘उपचाराला बाधक’ या शब्दांत काय काय मावू शकतं ते ज्याने वॉर्ड पाहिला आहे त्याला सांगायला नको. नव्या कायद्याने हे शब्द काढले. वॉर्डातली सवय काढायची राहिली आहे.

त्या हमीपत्रात गोपनीयतेचं नाव घेतलं आहे, त्याविषयी मला तीव्रपणे बोलायचं आहे. नव्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे आणि ती सांभाळणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे. कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. (‘माथेफिरूचा धुमाकूळ’ असा मथळा देऊन चेहऱ्यासकट फोटो छापणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.) म्हणजे माझं गुपित माझं आहे. ते मी उघडं केलं तर कुणाचाही हक्क भंगत नाही. दुसऱ्या रुग्णाचं नाव-गाव मी लिहिणार नाही, ते माझ्या आईने शिकवलेल्या साध्या सभ्यतेत बसतं. पण संडासाला कडी नाही ही कुणाची खासगी बाब? माझ्या रक्षणासाठी दिलेला हक्क उलटा करून माझ्याच तोंडावर बांधला जातो आणि त्यावर माझ्या भावाची सही घेतली जाते, हे मला सहन होत नाही.

आणि सही भावाची का? कायद्याच्या कलम ३ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो मनोविकल, म्हणजे विचारशक्ती ठिकाणावर नसलेला, आहे असा अर्थ काढता येणार नाही, ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. माझ्याबाबत असं कुठल्याही न्यायालयाने म्हटलेलं नाही. मी मतदान करते, आयकर भरते, बँकेचे व्यवहार करते. साक्षीच्या कायद्यातसुद्धा, इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यापासून आजपर्यंत, मानसिक आजार असलेला माणूस साक्ष द्यायला नालायक ठरत नाही. विचारलेला प्रश्न त्याला कळत असेल आणि उत्तर देता येत असेल तर न्यायालय त्याचं ऐकतं. न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभी राहून मी बोलू शकते, आणि रुग्णालयाच्या काउंटरवर माझ्याविषयीच्या कागदावर सही करू शकत नाही.

आपल्या मंडळांविषयीही बोलायला हवं. दाखल असलेल्यांच्या तक्रारी ऐकणारं असं एखादं मंडळ असतं हे मला या १९ दिवसांत कुणीही सांगितलं नाही. कलम २२ सांगतं की मंडळाकडे अर्ज करायचा हक्क आहे ही माहिती रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला समजेल अशा रीतीने दिली पाहिजे. कलम २८ प्रमाणे सेवेतल्या उणिवांची तक्रार आधी प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, तिथे समाधान झालं नाही तर मंडळाकडे आणि त्यापुढे प्राधिकरणाकडे नेता येते. कलम ७७ तर मला फार आवडलं. मंडळाकडच्या अर्जाला शुल्क नाही, आणि अपवादात्मक परिस्थितीत दाखल असलेल्या माणसाचा तोंडी किंवा फोनवरून केलेला अर्जही मंडळ घेऊ शकतं. हे लिहिणाऱ्याला वॉर्ड ठाऊक असावा असं वाटलं. पण ज्या वॉर्डात पेन नाही आणि फोन सिस्टरसमोर, तिथून तो तोंडी अर्ज यायचा कसा? हे सगळं मी घरी आल्यावर, गटातल्या एका शुभंकराने कायद्याची प्रत दिली तेव्हा वाचलं. त्या कानडी बाईला हे कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत?

मंडळाची रचना पाहताना एका शब्दापाशी मी थांबले. कलम ७४ प्रमाणे मंडळात जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यवसायी आणि आणखी दोन सदस्य असतात. हे दोघे मानसिक आजार असलेले, किंवा काळजीवाहक, किंवा त्यांच्या संघटनांचे अथवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असावेत असं म्हटलं आहे. या ‘किंवा’मुळे दोन्ही खुर्च्या नियमाप्रमाणे भरूनही आजार स्वतः भोगलेला एकही माणूस मंडळात नसू शकतो. शुभंकरांविषयी मला अपार आदर आहे. पण दादाचं म्हणणं आणि माझं म्हणणं एक नाही, आणि काउंटरवर सही करताना तेच सिद्ध झालं.

दादाबद्दल गैरसमज नको. माझ्या तिन्ही भरतींचा खर्च त्याने केला, पहिल्या वेळी रात्री अडीच वाजता मला रेल्वे फलाटावरून त्याने परत आणलं. तरीही घरात माझा आवाज जरा चढला की तो विचारतो, “गोळी घेतलीस का?” वहिनीने आमटीत मीठ जास्त घातलं असं मी म्हटलं तरी हाच प्रश्न. शेजाऱ्याच्या बांधकामामुळे पाणी आमच्या भिंतीत मुरतं आहे असं म्हटलं तरी हाच. ज्यांच्या घरात शुभार्थी आहे त्यांना हा प्रश्न ठाऊक असेल. तो काळजीपोटी विचारला जातो हे मला समजतं. पण त्यानंतर बोलणं पुढे जात नाही. मी ‘घेतली’ म्हटलं तर ‘मग डोस बदलायला हवा’ आणि ‘नाही घेतली’ म्हटलं तर ‘तरीच’. माझ्या तोंडून निघणाऱ्या रागाला, नापसंतीला, साध्या मतभेदालासुद्धा कारण एकच उरतं. वर्षानुवर्षं असं झालं की माणूस हळूहळू बोलणं सोडतो, आणि घरचे समाधानाने म्हणतात, आता बरी शांत झाली आहे. आमच्या गटात असे शांत झालेले लोक आहेत. एक जण अभियंता होते, महिन्यातून दोन वाक्यं बोलतात. ती दोन वाक्यंही आधी बायकोकडे पाहून बोलतात.

बाहेरही हेच. पाच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने मनआरोग्य विशेषांकासाठी माझ्याकडे लेख मागितला. लेख पाठवल्यावर फोन आला की ‘लेखिका लिहिण्याच्या स्थितीत आहेत’ असं डॉक्टरांचं पत्र जोडा. मी जोडलं नाही. अंक आला तेव्हा एका डॉक्टरांचा लेख होता, त्यात माझा प्रसंग ‘माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचा’ म्हणून चार ओळींत आला होता. नोकरीतली गत सर्वोच्च न्यायालयाने नोंदवली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की मानसिक अपंगत्व असलेल्या माणसांवर शिस्तभंगाची कारवाई होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि तो अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार आहे. त्या अधिकाऱ्यावरच्या आरोपांमध्ये परवानगीशिवाय वृत्तवाहिन्यांवर बोलल्याचाही आरोप होता.

मी मराठीची शिक्षिका आहे, म्हणून इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेराव्या शतकात विदर्भातल्या ऋद्धिपूरला गोविंदप्रभू गावभर हिंडायचे, मनाला येईल ते बोलायचे, मनाला येईल तिथे बसायचे. लोक त्यांना वेडे म्हणत, पिसे म्हणत. महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवल्या आणि त्यांचं बोलणं-वागणं बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवलं. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पानांमध्ये ते बोलणं आहे. महानुभावांसाठी ते परमेश्वरावतार, आणि त्या श्रद्धेचा मला मान आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं निदान करायला मी बसलेली नाही. मला एवढंच दिसतं की गाव ज्याला वेडा म्हणतं त्याचा शब्द ऐकून, जपून, जसाच्या तसा उतरवून ठेवणारी माणसं आपल्या भाषेला तिच्या आरंभीच मिळाली. आज मराठी भाषा विद्यापीठ त्याच रिद्धपूरला आहे. आणि माझी वही ‘रेकॉर्डला लागली’ आहे.

वॉर्डातून बाहेर पडलेल्या बाईने काय करता येतं, तेही गटातल्या एका वाचनात कळलं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १८६० साली एलिझाबेथ पॅकार्ड या सहा मुलांच्या आईला तिच्या नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, कारण तिची धर्मविषयक मतं त्याच्यापेक्षा वेगळी होती आणि ती उघड बोलत होती. तीन वर्षं ती आत होती. लपवून कागद जमवायची आणि लिहायची. १८६४ साली न्यायालयात पंचांनी (ज्यूरीने) सात मिनिटांत तिला शहाणी ठरवलं. पुढे तिने राज्याराज्यांत फिरून आतल्या माणसांची पत्रं कुणी अडवू नयेत म्हणून कायदे करवून घेतले. त्यातला एक आयोवा राज्यात १८७२ साली झाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईने मागितलं तेच मी आज मिरजेतून मागते आहे, म्हणून माझ्या मागण्यांमध्ये अवास्तव काही नाही असं मला वाटतं.

पहिली मागणी हमीपत्राची. राज्यातल्या कुठल्याही नोंदणीकृत मानसिक आरोग्य आस्थापनेने रुग्णाकडून किंवा नातेवाइकाकडून ‘लिहिणार नाही, बोलणार नाही’ अशी हमी घेऊ नये, आणि आजवर घेतलेल्या अशा हमींना अर्थ नाही, असं परिपत्रक प्राधिकरणाने काढावं. माझ्याकडच्या कागदाचा फोटो, रुग्णालयाचं नाव झाकून, सोबत जोडला आहे. माझं भांडण त्या एका इमारतीशी नाही. असे कागद आमच्या गटातल्या आणखी दोघांच्या घरी निघाले आहेत.

प्रत्येक वॉर्डात कुलूपबंद पत्रपेटी हवी. तिची किल्ली रुग्णालयाकडे नको, मंडळाकडे हवी. ठरलेल्या दिवशी मंडळाचा माणूस येऊन ती उघडेल आणि आत काय आलं त्याची पोच देईल. चिठ्ठी कुठल्याही भाषेत, खडूने, चित्र काढून, कशीही चालावी. लिहिता न येणाऱ्यासाठी वॉर्डातल्या फोनवरून मंडळाला थेट लागणारा एक क्रमांक हवा, आणि तो फोन करताना शेजारी कुणी उभं राहू नये. हे क्रमांक आणि कलम २२, २६, २८, ७७ यांतला मजकूर मराठीत आणि त्या भागात बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये, खाटेवर पडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. आमच्याकडे कानडी, विदर्भात गोंडी आणि हिंदी, जिथे जी लागेल ती.

लिहायला साहित्य मिळालं पाहिजे. टोकदार पेन नको असेल तर जाड मऊ रिफिल, मेणाचे खडू, जे सुरक्षित असेल ते द्या. वही खासगी वस्तू माना. उपचारासाठी ती वाचणं खरंच गरजेचं असेल तर आधी विचारा, आणि जाताना ती परत द्या. फाइलीत ‘असंबद्ध’ किंवा ‘संशयी’ असा शेरा मारण्याआधी माणूस नेमकं काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिहा, आणि त्याने सांगितलेली वस्तुस्थिती तपासली का तेही लिहा. कडी आहे की नाही हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. कायद्याप्रमाणे दर तीन वर्षांनी आस्थापनांचं लेखापरीक्षण व्हायचं आहे, त्यात पत्रपेटी, फोन आणि वह्या यांची तपासणी घाला.

मंडळातल्या त्या दोन जागांपैकी किमान एक जागा आजार स्वतः भोगलेल्या माणसालाच द्या. कायद्यातला ‘किंवा’ आपल्याला तसं करण्यापासून अडवत नाही. कलम ५ प्रमाणे आगाऊ निर्देशपत्र लिहायची सोयही लोकांना समजावून सांगा. बरं असताना आम्ही सांगून ठेवलेलं आजारी असताना ऐकलं जावं यासाठीच ती आहे. मी माझं निर्देशपत्र लिहिलं आहे, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. त्यातली तिसरी ओळ ‘माझी वही काढून घेऊ नये’ अशी आहे.

चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे, वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांचा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. बरे होऊनही घरी न गेलेले लोक त्यांत आहेत. मी १९ दिवस होते, माझ्याकडे परत यायला घर होतं आणि लिहायला भाषा. त्या माणसांनी इतक्या वर्षांत किती वेळा ‘मी बरा आहे, मला सोडा’ असं म्हटलं असेल आणि ते कुठल्या खात्यात लिहिलं गेलं असेल, याचा विचार केला की रात्री झोप लागत नाही. माझ्या मागण्यांपैकी एकच मान्य होणार असेल तर ती त्यांच्या वॉर्डातली पत्रपेटी असू द्या.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्याचं कलम २१ अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचं आहे. आपल्या राज्यघटनेचं कलम १९ त्याच्या कितीतरी आधीचं. त्यांत कुठेही ‘डॉक्टरांच्या पत्रासह’ असं लिहिलेलं नाही.

या पत्राखाली मी माझं पूर्ण नाव लिहिणार होते. पण भाचीसाठी स्थळं पाहणं चालू आहे. परवा रात्री वहिनी माझ्या खोलीत आली, काही न बोलता पलंगाच्या कडेला बसली आणि मग म्हणाली, “वन्सं, एवढं वर्ष जाऊ द्या.” तिच्यापुढे मला नाही म्हणता आलं नाही. म्हणून लोकांसाठी प्रसिद्ध होणाऱ्या या प्रतीवर नाव नाही. आपल्याला स्पीड पोस्टाने पाठवलेल्या प्रतीवर नाव, पत्ता, फोन आणि सही आहे.

आपलं उत्तर त्या पत्त्यावर पाठवावं ही विनंती. रुग्णालयाकडून आलेल्या सगळ्या पाकिटांवर माझं नाव दादाच्या नावाखाली ‘द्वारा’ म्हणून असतं. आपल्या पाकिटावर फक्त माझं नाव असावं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक शुभार्थी, निवृत्त मराठी शिक्षिका,
मिरज